म्हशीला वाट, माणसाला हॉर्न

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी डेअरी बंद व्हायच्या आत दूध आणायचं म्हणून आमच्या गल्लीतल्या मावशी किटली घेऊन निघाल्या. कोल्हापुरात रंकाळ्यापलीकडं शहर जिथं उपनगरात मिसळतं, तिथला आमचा हा रस्ता. अलीकडं घरं, पलीकडं डेअरी, किराणा दुकान, दवाखाना आणि केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, थांबा. मावशी कडेला बराच वेळ उभ्या होत्या. गळीत हंगाम सुरू झालेला, उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चाललेल्या. त्यातल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना बघून ट्रॅक्टर थांबवला आणि हातानं ‘जावा’ अशी खूण केली. मावशी ट्रॅक्टरच्या तोंडापुढून निघाल्या. मागून आलेल्या मोटारीला थांबायला सवड नव्हती. ती ट्रॉलीला उजवीकडून वळसा घालून पुढं आली आणि तिनं मावशींना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा लोकांनी त्यांना रिक्षात घातलं होतं. किटलीचं झाकण रस्त्याच्या मधोमध पडलं होतं आणि त्याच्यावरूनही गाड्या जात होत्या.

दुसऱ्या दिवशी तालमीत, म्हणजे आमच्या भागातल्या मंडळात, बैठक बसली. एकानं विचारलं, ‘झेब्रावरनं का ओलांडला नाही त्यांनी?’ दुसरा म्हणाला, लोकांनाच शिस्त नाही, मोबाईल कानाला लावून मधी येतात. तिसऱ्यानं स्पीडब्रेकर मागितला. चौथ्यानं मणक्याचं कारण सांगून ती मागणी तिथंच पाडली. एक जण तर म्हणाला, खेड्यातनं आलेली माणसं आहेत, त्यांना मोठा रस्ता ओलांडायची सवय नाही. शेवटी पादचारी पुलाचं निवेदन द्यायचं ठरलं. पुलाला कुणाचाच विरोध नव्हता, कारण पूल झाला तर गाडीवाल्याला काहीच सोडावं लागत नाही.

माझा या सगळ्या चर्चेलाच विरोध आहे आणि तो मी बैठकीतही बोलून दाखवला. या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता धरून ठेवली आहे: रस्ता गाड्यांचा, आणि ओलांडणारा माणूस त्यात मधेच येणारा. मग त्याला शिस्त लावायची की पुलावर चढवायचं, एवढाच वाद उरतो. मला ते मुळातच मान्य नाही. वस्तीतला रस्ता जितका लांबीनं वापरायचा असतो तितकाच रुंदीनंही. गारगोटीला किंवा गगनबावड्याला जाणारा तो लांबीनं वापरतो, दूध आणायला जाणारी बाई रुंदीनं वापरते, आणि दोघांचाही हक्क सारखा. म्हणून अशा ठिकाणी गाडीचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत आणणं हे पहिलं काम आहे. तो पाटी लावून उतरत नाही, रस्त्याच्या बांधणीतूनच उतरवावा लागतो. बाकी उपाय त्याच्या नंतरचे.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. पायी चालणारे चुकतात. कानाला मोबाईल लावून, मागंपुढं न बघता रस्त्यात उतरणारी पोरं मी रोज बघतो. केएमटी थांबायच्या आत उडी मारून तिच्याच पुढून पळणारे बघतो. शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर आईबाप मुलाचा हात धरून दुभाजकाच्या कठड्यावरून उड्या मारतात आणि त्या मुलाला आयुष्यभराची वाईट सवय लावतात. यातल्या कुणाचंही समर्थन मला करायचं नाही. पण चूक झाली की जिवानिशी जावं, अशी शिक्षा आपण दुसऱ्या कुठल्या चुकीला ठेवली आहे? गाडी चालवणाराही चुकतो. त्याच्यासाठी सीटबेल्ट आहे, एअरबॅग आहे, वळणावर लोखंडी कठडा आहे. तो चुकणार हे धरून सगळी रचना केलेली असते. पायी माणसानं मात्र एकदाही चुकायचं नाही, आणि मावशींनी तर चूकही केली नव्हती. त्या थांबल्या, त्यांनी वाट बघितली, समोरच्यानं जा म्हटल्यावर गेल्या.

राहिला झेब्राचा प्रश्न. आमच्याकडं झेब्रा आहे. मावशी जिथून ओलांडतात तिथून शंभरेक पावलांवर, पुसत आलेला. त्याचं एक टोक विजेच्या डीपीच्या जाळीत जातं, दुसरं टोक गटारीच्या उघड्या चेंबरपाशी संपतं. तिथं ना दुकान आहे, ना थांबा, ना गल्ली. पट्टे मारायला त्या दिवशी जिथं गाड्या लावलेल्या नव्हत्या तिथं ते मारले गेले असावेत, असाच माझा समज आहे. माणूस ओढा ओलांडताना दगड जिथं असतील तिथूनच ओलांडतो. रस्ताही जिथं काम असेल तिथूनच ओलांडणार. वर्षानुवर्षं माणसं जिथून जातात ती जागा बघून तिथं पट्टे मारायला कुणी अडवलं होतं?

मी एकदा, अपघाताच्या बऱ्याच आधी, मावशींच्या बरोबर रस्ता ओलांडताना मोबाईलवर वेळ लावली होती. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकोणीस सेकंद लागले. रस्ता साधारण चौदा मीटर रुंद, मधे दुभाजक नाही, थांबायला जागा नाही. ताशी 50 च्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात जवळपास चौदा मीटर कापते. म्हणजे मावशी निघाल्या तेव्हा अडीचशे मीटरवर असलेली, त्यांना दिसतही नसलेली गाडी त्या पलीकडं पोचायच्या आत त्यांच्या अंगावर येऊ शकते. ‘नीट बघून ओलांडा’ असं त्यांना सांगणाऱ्यानं हा हिशेब एकदा करून बघावा. त्या कितीही नीट बघतील, पण अडीचशे मीटरवरचं कुणाला दिसतं? त्यात दोन्हीकडून रांगेनं लावलेल्या चारचाक्या. पायी माणसाला त्यांच्या आडून बाहेर डोकावल्याशिवाय रस्ताच दिसत नाही आणि डोकावलं की तो रस्त्यात आलेला असतो.

याच रस्त्यावरून रोज सकाळी म्हशी जातात. कोल्हापुरात हे कुणाला नवं नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेलं दूध प्यायला उभं राहणारं हे शहर आहे. पंधरा-वीस म्हशींचा कळप रस्त्यात आला की काय होतं? बुलेट थांबते, वडाप म्हणजे सीटवारी जीप थांबते, काळ्या काचांची गाडी थांबते. कुणी हॉर्नही फारसा वाजवत नाही, कारण हॉर्नला म्हैस दाद देत नाही. शेवटचं रेडकू रस्ता पार करेपर्यंत सगळे निमूट उभे असतात. दहा मिनिटांनी त्याच जागी मावशी उभ्या राहतात आणि तीच बुलेट, तेच वडाप त्यांना हॉर्न देऊन पुढं जातात. म्हणजे आमच्या चालकांना थांबता येत नाही हे खोटं आहे. त्यांना थांबता येतं, धीर धरता येतो, वेग कमी करता येतो. म्हशीला धडकलं तर आपलं नुकसान होईल हे त्यांना दिसतं, म्हणून ते थांबतात. मावशींच्या बाबतीत तसं दिसत नाही. शिस्तीची व्याख्यानं देऊन हे बदलणार नाही; रस्ताच असा बांधावा लागेल की वेगानं गेलं तर गाडीचं नुकसान होईल हे चालवणाऱ्याला दिसावं.

‘खेड्यातनं आल्यात, सवय नाही’ हे वाक्य मला फार लागलं, कारण त्याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शहरांत मोटारी आल्या तेव्हा रस्ते सगळ्यांचे होते. मुलं तिथं खेळत, फेरीवाले उभे राहत, माणसं हवं तिथून ओलांडत. मोटारींनी माणसं मारायला सुरुवात केली तेव्हा लोकांचा राग मोटारींवर होता. 1923 मध्ये सिनसिनाटी शहरात 42 हजार लोकांनी सह्या करून मागणी केली की प्रत्येक मोटारीत ताशी 25 मैलांवर, म्हणजे सुमारे 40 किलोमीटरवर, वेग रोखणारं यंत्र बसवा. मोटारवाल्यांच्या संघटनांनी जोर लावून ती मागणी पाडली. आणि मग पायी चालणाऱ्यालाच दोषी ठरवणारा शब्द पद्धतशीर रुजवला गेला: ‘जेवॉकर’. ‘जे’ म्हणजे गावंढळ. शहरात कसं चालायचं हे न कळणारा अडाणी. 1925 मध्ये लॉस एंजेलिसनं पायी चालणाऱ्यांवर बंधनं घालणारा नियमच केला. ज्याला धडक बसली त्याचीच टिंगल करून रस्त्याची मालकी बदलली गेली, आणि पुढच्या पिढीला ती मालकी आधीपासूनच तशी होती असं वाटू लागलं. शंभर वर्षांनी आमच्या तालमीत, स्वतःही खेड्यातूनच आलेल्या घरातला माणूस तेच वाक्य जसंच्या तसं बोलतो. त्याला ते कुठून आलं हे माहीत असायचं कारण नाही, पण आपण ते ऐकून मान डोलवायची का?

वेगाबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथं आहे. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 30 च्या ऐवजी 50 नं धडक बसली तर जोर दीडपट होत नाही, पावणेतीनपट होतो. माणसाचं शरीर ताशी 30 ची धडक बहुतेक वेळा सोसतं. 50 ला तसं सांगता येत नाही, म्हातारं शरीर असेल तर अजिबातच नाही. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात 30 च्या वेगानं गाडी आठ मीटर पुढं जाते आणि 50 च्या वेगानं चौदा मीटर. जिथं माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथं ताशी 30 ची मर्यादा असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडं केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनं नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी 70 पर्यंत मुभा दिली आहे. ही वरची मर्यादा आहे आणि ती स्थानिक पातळीवर कमी करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नं दिलेला आहे. तो वापरायचा की नाही हा आपला प्रश्न. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद.

स्पीडब्रेकरला विरोध करणाऱ्यांची बाजू मला पटते, आणि ती पटते म्हणूनच पुढं काय करायचं हे नीट सांगता येतं. आपल्याकडचे गतिरोधक भयंकर आहेत. रात्रीत डांबराचा ढीग ओतायचा, त्यावर पट्टा मारायचा नाही, आधी फलक लावायचा नाही. पावसात, लाईट गेलेली असताना दुचाकीवरून येणारा माणूस त्यावरून उडून पडतो. बाळंतिणीला घेऊन जाणाऱ्या रिक्षाला तो ढीग ओलांडताना काय यातना होतात हे ज्यांनी बघितलंय त्यांनी स्पीडब्रेकर नको म्हणणं मी समजू शकतो. पण हे ढीग म्हणजे गतिरोधक नव्हेत. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं त्याचं माप ठरवून दिलेलं आहे: 17 मीटर त्रिज्येचा गोलावा, 3.7 मीटर रुंदी, 10 सेंटीमीटर उंची. त्यावरून ताशी 25 नं गेलं तर मणक्याला काही होत नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याही गल्लीत टेप घेऊन जा आणि रुंदी मोजा. एक मीटरभर रुंदीचा आणि वीतभर उंचीचा उंचवटा बांधून त्यालाच गतिरोधक म्हणायचं, मग त्यानं माणसं पडली की गतिरोधक वाईट असं म्हणायचं, हा न्याय नाही.

आणि झेब्राच्या जागी तर त्याहून चांगली गोष्ट करता येते. झेब्राच उचलून फूटपाथच्या पातळीला आणायचा. दोन्ही बाजूंनी हळूहळू चढणारा उतार, वर सपाट चौथरा, त्यावर पट्टे. पायी माणसाला उतरायचं-चढायचं नाही, व्हीलचेअर सरळ जाते, गुडघ्याचा त्रास असलेली बाई सरळ जाते. चढउतार गाडीनं करायचा, तिला इंजिन आहे.

आता पूल. पादचारी पुलाची मागणी मनापासून करणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. महामार्गावर, शिरोलीसारख्या ठिकाणी, जिथं अवजड वाहनं वेगानंच जाणार, तिथं पूल किंवा भुयारी मार्ग लागतोच. पण वस्तीतल्या रस्त्यावर? खालून वाहनं जायला साडेपाच मीटर उंची सोडायची म्हटली तर चढायला पस्तीस-चाळीस पायऱ्या आणि उतरायला तितक्याच. एक लिटर दुधासाठी, जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास पायऱ्या. मावशी त्या पुलावर एकदाही जाणार नाहीत आणि मग पुन्हा लोक म्हणतील, पूल असून खालून जातात, लोकांनाच शिस्त नाही. मुंबईनं हा खर्च करून बघितलेला आहे. 2008 पासून तिथं स्कायवॉक उभे राहिले. स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी जिथं सरळ पुढं जात होती तिथं ते थोडेफार वापरले गेले. बाकी ठिकाणी माणसं खालूनच चालत राहिली. वर चढायला लावणारी सोय माणूस सोय मानत नाही.

सिग्नल लावा, पोलीस उभा करा असंही सांगतात. सिग्नलला मी विरोध करणार नाही, फक्त पायी माणसाचा हिरवा दिवा मावशींच्या एकोणीस सेकंदांना पुरेल इतका हवा. पोलिसाचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास एक माणूस उभा राहील, आणि बाकीचे वीस तास रस्ता पुन्हा जसाचा तसा. मावशींचा अपघात साडेसहाला झाला. उंचावलेला झेब्रा साडेसहालाही असतो आणि पहाटे पाचला रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांसाठीही असतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि बैठकीत तो एका शेतकऱ्यानं घेतला. त्याचं म्हणणं, हा रस्ता फक्त तुमच्या गल्लीचा नाही. आमचा ऊस याच रस्त्यानं जातो, गावातली पोरं कॉलेजला याच रस्त्यानं येतात, पेशंट याच रस्त्यानं आणतो. तुम्ही शहरवाले जागोजागी रस्ता अडवून ठेवणार आणि आम्ही तासतास खोळंबणार. यात तथ्य आहे, आणि याच्यावर ‘जीव महत्त्वाचा’ एवढं म्हणून सुटका नाही. म्हणून हिशेब करू. वस्तीतला जास्तीत जास्त तीनशे मीटरचा तुकडा धरा. तो ताशी 50 नं कापायला साडेएकवीस सेकंद लागतात, 30 नं छत्तीस. फरक चौदा-पंधरा सेकंदांचा. उसाची भरलेली ट्रॉली तर अशीही 50 नं जात नाही, तिच्यासाठी फरक शून्यच. खोळंबा होतो तो दुकानापुढं तिरप्या लावलेल्या गाड्यांनी, कुठंही थांबणाऱ्या वडापनी आणि चौकात चौघांनी एकदम तोंड घातल्यानं. तो त्रास शेतकऱ्यालाही आहे आणि मावशींनाही. दोघांचं भांडण लावून देऊन मधल्या मधे तिरपी गाडी लावणारा सुटतो. आणि एक आठवण मी त्या शेतकरी काकांना करून दिली: मावशींसाठी थांबला तो ट्रॅक्टरवालाच होता.

हा अपघात झाला त्याच्या आधी सप्टेंबरात आमच्या रस्त्यावर एक प्रयोग होऊन गेला, कुणी ठरवून न करता. गणपतीचा मांडव. गल्लीच्या तोंडाशी मांडव पडला, त्याचे वासे मुख्य रस्त्यावर दोन-अडीच मीटर आत आले. समोरच्या बाजूला पोरांनी बॅरिकेड म्हणून पिंप ठेवले. रस्ता दोन्हीकडून आवळला, येणारी एक आणि जाणारी एक एवढीच गाडी मावेल इतका झाला. ओव्हरटेक करायला जागाच उरली नाही. त्या दिवसांत मी मांडवात बसून बघत होतो. गाड्या आपोआप सावकाश येत होत्या, शंभर पावलं आधीच पाय ब्रेकवर जात होता. शाळेची पोरं एकेकटी ओलांडत होती. मावशी रोज संध्याकाळी कुणाचा हात न धरता जाऊन दूध आणत होत्या, कारण त्यांना आता चौदा नव्हे, नऊ मीटरच ओलांडायचे होते आणि त्या पिंपापाशी उभ्या राहिल्या की लांबून दिसत होत्या. अनंत चतुर्दशीनंतर पोरं मांडवाचे वासे सोडायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘लगीच काढायला लागलायसा व्हय रं? चार दिस ऱ्हाऊ द्या की.’ आम्हाला वाटलं, त्यांना गणपती गेल्याचं वाईट वाटतंय.

रस्त्याच्या रचनेचं शास्त्र ज्याला कोपरा बाहेर काढणं म्हणतं, ते हेच. ओलांडायच्या जागी फूटपाथ दोन्हीकडून रस्त्यात पुढं घ्यायचा, म्हणजे ओलांडायचं अंतर कमी होतं, पायी माणूस उभ्या गाड्यांच्या आडून बाहेर येतो आणि थांबलेल्या गाडीला वळसा घालून पुढं घुसायला जागा उरत नाही. मावशींना ज्या प्रकारानं धडक बसली तो प्रकार अशा जागी घडूच शकत नाही. मांडवाचे वासे त्या दिवसापर्यंत तिथं असते तर मावशी आज चालत असत्या, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

परदेशाचं उदाहरण दिलं की लोक हसतात, तरी एक देतो. नेदरलँड म्हटलं की आपल्याला सायकली आठवतात, जणू ती माणसं जन्मतःच शहाणी होती. 1971 मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यावर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यात चारशेच्या वर मुलं. तिथंही शहरं फोडून रस्ते रुंद करणं चाललं होतं, तिथंही मुलांना शिस्त शिकवा असंच सांगितलं जात होतं. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानं लिहिलेल्या लेखातून चळवळ उभी राहिली, तिचं नावच होतं ‘मुलांची हत्या थांबवा’. आयाबापड्या रस्त्यात येऊन बसल्या, टेबलं मांडून रस्ते अडवले. 1976 मध्ये वस्तीतल्या रस्त्यावर गाडीनं पायी माणसाच्या चालीनं जायचं असा कायदा झाला. आज तिथले मृत्यू वर्षाला हजाराच्या खाली आहेत. ऑस्लो शहर तर आपल्याहून फार मोठं नाही. कोल्हापूर 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांचं होतं, ऑस्लो सुमारे सात लाखांचं. त्या शहरात 2019 या सबंध वर्षात एकही पायी चालणारा किंवा सायकलवाला रस्ता अपघातात मेला नाही. वेग उतरवला, शाळांभोवतीच्या गाड्या हटवल्या, पार्किंग काढलं. लोकांचे स्वभाव बदलायची वाट बघत बसले नाहीत.

‘ते तिकडं’ असं म्हणणाऱ्यांना मी महाद्वार रोडवर नेईन, नवरात्रात. अंबाबाईच्या दर्शनाला लाखो माणसं येतात आणि मंदिराभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद होतात, वाहतूक वळवली जाते, सगळा परिसर पायी माणसाचा होतो. शहर कोसळत नाही. उलट त्या दहा दिवसांत व्यापार वाढतो. पुण्यानं 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस पायी माणसांसाठी मोकळा करायला सुरुवात केली, तीही पुण्यातल्या त्या गर्दीच्या बाजारपेठेत. म्हणजे जे अशक्य म्हणून सांगितलं जातं ते आपण दरवर्षी करून दाखवतो, फक्त देवीसाठी. दूध आणायला निघालेल्या बाईसाठी वर्षभर चाळीस मीटरच्या तुकड्यावर ते करायला काय हरकत आहे?

कोल्हापुरानं रस्त्यासाठी लढणं काय असतं हे राज्याला शिकवलंय. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध माणसापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळे उतरले, पेठा आणि तालमी उतरल्या, वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, आणि डिसेंबर 2015 मध्ये तो टोल रद्द झाल्याची घोषणा सरकारला करावी लागली. त्या लढ्याचा मला अभिमान आहे, मी त्यात चाललो आहे. पण तेव्हा आपण विचारलं की या रस्त्यावरून गाडी नेण्याचे पैसे का द्यायचे. गाडी नसलेल्या माणसानं हा रस्ता ओलांडायचा कसा, हे आपण तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. ते मोर्चे सगळे पायीच निघाले होते.

कायदा कमी पडतो असं कुणी म्हणू नये. सिग्नल नसलेल्या झेब्रापाशी चालकानं वेग कमी करून, थांबून पायी माणसाला आधी जाऊ द्यावं, हे 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांत लिहिलेलं आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्याजोगे, अतिक्रमण नसलेले, अपंगांनाही वापरता येणारे फूटपाथ हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 198 अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मापदंडाप्रमाणं न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर रस्ता करणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाला की आपण फक्त गाडीवाल्यावर गुन्हा दाखल करतो. झेब्रा डीपीच्या जाळीत कुणी नेऊन सोडला, हे पंचनाम्यात का येऊ नये?

पैशाचं म्हणाल तर दोन उंचावलेले झेब्रे, चार कोपऱ्यांचं बांधकाम, मधे थांबायला मीटर-दीड मीटरचा ओटा आणि चार चांगले दिवे, याला पुलाच्या तुलनेत फारसं काही लागत नाही. आणि करून बघायला तर तेवढंही लागत नाही. मांडवाचे पिंप, वाळूची पोती आणि रेघा मारायची पांढरी फक्की एवढ्यावर महिनाभर परवानगीनं प्रयोग करून बघता येतो. वेग मोजा, माणसं मोजा, शेतकऱ्यांचा खोळंबा किती होतो तेही मोजा. नाही जमलं तर पोती उचलू.

तालमीनं पुलाचं निवेदन मागं घेतलंय. नव्या निवेदनात हा महिन्याभराचा प्रयोग मागितला आहे आणि झेब्रा डेअरीच्या समोर आणायला सांगितलं आहे. खाली सह्या आमच्या गल्लीच्या आहेत, केएमटीच्या थांब्यावर रोज भेटणाऱ्या नर्सताईंची आहे, आणि बैठकीत आक्षेप घेतलेल्या त्या शेतकरी काकांचीही आहे. मावशींची सही घ्यायला मी घरी गेलो होतो. प्लास्टर अजून आहे. अंगठा चालेल का म्हणून त्यांनी विचारलं, मग सुनेकडून पेन मागून घेऊन सावकाश सही केली. मी म्हटलं, ‘मावशी, आता दूध सुनेला आणू दे.’ तर म्हणाल्या, ‘ती तरी कुठनं जाणार हाय रं? त्याच रस्त्यानं न्हवं?’